कधीच फिट नव्हता

पत्र शुक्रवारीच आलं होतं. धाकट्याने पाकीट फोडलं, वरवर नजर फिरवली आणि "चौकशीच्या ऑफिसचं आहे, ताई आली की बघू," म्हणून ते फ्रिजवर ठेवून दिलं. इथली भाषा घरातल्या मोठ्यांत त्या एकट्यालाच येत होती; वहिनीला दुकानापुरती, आईला तेवढीही नाही, आणि पोरीला असलं पत्र वाचायला लावणं वहिनीला नको होतं. त्यामुळे वहिनी दोन दिवस येता-जाता त्या पाकिटाकडे नुसती बघत राहिली. हॉस्पिटलच्या धुलाईघरातून सहा वाजता यायची, हात धुवायची, फ्रिजकडे बघायची आणि पोळ्या लाटायला घ्यायची.

रविवारी दुपारी ताई आली. साडेतीन तासांचा बसप्रवास करून आली होती. चहाही घेतला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चष्मा लावला आणि पत्र उलगडलं.

यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करणं हा ताईचा धंदा. कपडे धुण्याचं यंत्र, रक्तदाब मोजायचं यंत्र, बाळाचं दूध गरम करायचं यंत्र. एक शब्द चुकला तर कुणाचा तरी हात भाजतो, हे तिने अठरा वर्षं डोक्यात ठेवलेलं. त्यामुळे ती सावकाश वाचायची. पण दुसऱ्या पानावर ती थांबली ती वाचून झालं म्हणून नव्हे.

"काय गं?" आईने विचारलं. आई खिडकीशी, शिवणाच्या मशीनच्या स्टुलावर बसली होती. थोरला मुलगा, दादा, पाच आठवड्यांपूर्वी गेला तेव्हापासून तिने मशीनवरचं झाकण काढलं नव्हतं, पण बसायची जागा तीच.

"थांब जरा."

"वाईट आहे का?" वहिनी म्हणाली.

ताईने तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग शब्दाला शब्द ठेवून मोठ्याने सांगितला. "यंत्रणेत दोष आढळला नाही. नियमाप्रमाणे दोन माणसं कामावर हजर होती. मृत मेकॅनिकला तब्येतीचा जुना त्रास होता आणि तो त्याने कंपनीपासून दरवर्षी लपवला. काम करताना शुद्ध हरपून तो लिफ्टच्या छतावरून खाली पडला, असा निष्कर्ष काढण्यात येत आहे. मृत्यूला तो स्वतः जबाबदार आहे. कुटुंबाने महिनाअखेर कंपनीचं क्वार्टर रिकामं करावं. हरकत असल्यास सोमवारपर्यंत लेखी द्यावी."

"सोमवार म्हणजे उद्या," धाकटा म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"कसला त्रास?" वहिनी म्हणाली. "सतरा वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. सर्दी झाली तर घर डोक्यावर घ्यायचे. लपवणार काय? कोण म्हणालं असं?"

ताईने पुन्हा कागदात डोकं घातलं.

"ताई, लिहिलं असेल ना, कोण म्हणालं ते?"

"आई," ताई म्हणाली.

वहिनीला आधी कळलंच नाही. ताई आईला हाक मारतेय असं तिला वाटलं. मग तिने मान वळवून सासूकडे पाहिलं.

"मी?" आई म्हणाली. "मी कशाला असं बोलेन? जीभ झडेल माझी!"

ताईने बोट ओळीवर ठेवलं. "मृताच्या आईने घरी दिलेल्या जबाबात, दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा ठामपणे सांगितलं, की तिचा मुलगा कधीच फिट नव्हता."

"बरोबर आहे की मग," आई म्हणाली. "हेच सांगितलं मी. कधीच नाही, एकदाही नाही. फिट नाही म्हणजे नाही!"

आतल्या खोलीत दादाची मुलगी छकुली शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती, तिने इस्त्री ठेवल्याचा आवाज झाला.

"आई," ताई अगदी हळू म्हणाली, "त्यांच्यात फिट म्हणजे धडधाकट."

*

आईला तो दिवस चांगला आठवत होता. थोरल्याला जाऊन तीन दिवस झाले होते. सुनेला कागदांवर सह्या करायला शवागारात नेलं होतं. ताई तिच्याबरोबर गेली होती. घरात ती आणि धाकटा दोघंच. मग अपघाताची चौकशी करणारा तो साहेब आला, बरोबर लिहून घेणारी एक बाई. साहेब पायपुसण्यावर बूट पुसून आत आला, हे आईने लक्षात ठेवलं होतं.

धाकटा मध्ये बसून तिचं त्याला आणि त्याचं तिला सांगत होता. जन्म कुठला, शिक्षण किती, दारू प्यायचा का. मग साहेबाने काहीतरी विचारलं आणि धाकटा गप्पच झाला. खाली बघत राहिला. साहेबाने थोडी वाट पाहिली, आणि मग थेट आईकडे वळून, छातीवर हात आपटून, दोन्ही मुठी वळून दाखवल्या आणि विचारलं, "फिट? सन, फिट?"

वळलेल्या मुठी पाहिल्या आणि आईला आपला भाऊ आठवला.

तिच्या धाकट्या भावाला फिट यायच्या. अशाच मुठी वळायच्या, दातखीळ बसायची. घरात पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत घालून कडी लावायचे, आणि कडी लावायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या लग्नात तो कुणाला दिसलाच नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी सासूला बातमी लागली, आणि ती मरेपर्यंत म्हणत राहिली, फसवून गळ्यात मारली, रक्तातच आहे हिच्या. तिन्ही लेकरं झाली तेव्हा आई रात्र रात्र त्यांच्या मुठी उघडून बघायची. तो शब्द तिने कधी घरात येऊ दिला नाही. गिऱ्हाईक ब्लाउज 'फिट' करून द्या म्हणालं, तर ही म्हणायची, "अंगाबरोबर करून देते." थोरला लाडात येऊन दंड फुगवायचा, "बघ आई, एकदम फिट!" तर त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. "अभद्र बोलू नकोस."

आणि आता हा साहेब विचारत होता, तुमच्या रक्ताने मेला का तो?

"नो!" ती ओरडली होती. तिला जे पाच-सहा शब्द येत होते ते सगळे तिने वापरले. "नो फिट! नेव्हर! नेव्हर फिट!" साहेबाने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने तिच्या हातावर हलकेच थोपटलं आणि त्या बाईला लिहून घ्यायला सांगितलं. आईला वाटलं, माणूस चांगला आहे. आपल्यावर विश्वास ठेवला. त्या एका गोष्टीचं तिला गेले पाच आठवडे समाधान होतं.

"मला काय ठाऊक!" ती आता म्हणाली. "इंग्रजी तर इंग्रजी. शब्द एकच ना? एका शब्दाचा असा उलटा अर्थ कसा होतो?"

"इंग्रजीत दोन्ही आहेत," ताई म्हणाली. "इथल्या लोकांनी एक उचलला. आपल्याकडे पोरं तोच बोलतात, पण तुझ्या पिढीने दुसरा धरून ठेवला."

"पण मग तो मुठी का वळून दाखवत होता?"

"ताकद दाखवत होता, आई. मुलगा दणकट होता का, असं विचारत होता."

आईने पदर तोंडाला लावला.

"रडू नका," वहिनी म्हणाली. आवाज कोरडा होता. "तुमच्या भावाची लाज तुम्ही आयुष्यभर झाकलीत. ती माझ्या नवऱ्यावर घातलीत. आता उद्या छकुलीला कुणी विचारलं, तुझ्या बापाला काय होतं, तर तिने काय सांगायचं? कंपनीच्या शाळेतून परवाच चिठ्ठी आलीय, डॉक्टरी तपासणी करून आणा म्हणून. मी समजत होते सगळ्यांनाच आलीय."

"वहिनी, तिला माहीत नव्हतं," ताई म्हणाली.

"तिला नव्हतं." वहिनीने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं, आणि ती वळली. "भाऊजींना होतं."

*

धाकट्याला वाटत होतं की हे कधी ना कधी होणार. फक्त ते ताईच्या तोंडून येईल असं वाटलं होतं. ताई हुशार, वहिनी कपडे धुणारी, चार शब्द येणारी. पण वहिनी सतरा वर्षं दादाची बायको होती, आणि ती सरळ विचार करायची.

"तुम्ही मध्येच बसला होतात ना," वहिनी म्हणाली. "तुम्हाला दोन्ही अर्थ माहीत आहेत. आई काय म्हणतात आणि साहेब काय लिहून घेतोय, दोन्ही तुम्हाला कळलं. कळलं की नाही?"

"माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, वहिनी. दादाला जाऊन तीन दिवस झाले होते."

"कळलं की नाही, एवढंच विचारतेय."

"कळलं."

"मग बोललात का नाही?"

त्याने ताईकडे बघितलं. लहानपणी काच फुटली की तो असाच ताईकडे बघायचा, आणि ताई काहीतरी रचून सांगायची. आज ताईने चष्मा काढून पुसायला घेतला.

"दोन माणसं हजर होती, असं लिहिलंय," ती चष्म्याकडे बघत म्हणाली. "दादाबरोबर दुसरं कोण होतं?"

"जोडीदार होता. रजिस्टरमध्ये आहे नाव."

"रजिस्टर कोण भरतं?"

"सुपरवायझर."

"म्हणजे तू."

धाकटा खुर्ची ओढून बसला. बसल्यावर त्याला वाटलं, आता उठता येणार नाही.

"पलीकडच्या टॉवरमध्ये एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती," तो म्हणाला. "आठवा महिना होता तिला. आतून किंचाळत होती, मला फोनवर ऐकू येत होतं. माझ्याकडे दुसरं माणूसच नव्हतं. दादाचा जोडीदार वर मशीनच्या खोलीत मेन स्विचपाशी होता. मी त्याला म्हटलं, तू तिकडे जा. आणि दादाला फोन केला. म्हटलं, दादा, वीस मिनिटं थांब, खाली उतरू नकोस, तो आला की कर."

"आणि?" वहिनी म्हणाली.

"असं म्हटलं नाही मी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "असं म्हणायला पाहिजे होतं. पाच आठवडे मी स्वतःला हेच सांगतोय की मी असं म्हटलं होतं. मी म्हटलं, दादा, एकट्याने उरकून घे, वरून फोनवर फोन येतायत. तो हसला. म्हणाला, साहेब झालास तू आता. आणि छतावर उतरला. मेन स्विचला माणूसही नाही, कुलूपही नाही. कुणीतरी येऊन तो चालू केला. सफाईवाल्याने की कुणी, अजून कळलेलं नाही. लिफ्ट उठली."

आतली इस्त्री कधीची थांबली होती. छकुली दारात येऊन उभी होती, हातात अर्धवट दुमडलेला शर्ट. तिला आत जा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"त्याच संध्याकाळी मला वर बोलावलं," धाकटा म्हणाला. "मॅनेजर म्हणाला, रजिस्टर नीट कर. नाहीतर आत जाशील तू, आम्ही नाही. मी जोडीदाराचं नाव घातलं. त्याची लगेच दुसऱ्या शहरात बदली केली. आणि मग तो साहेब घरी आला, आणि आई ओरडायला लागली, नेव्हर फिट, नेव्हर फिट. मी तोंड उघडलं होतं, ताई. शप्पथ. सांगायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, असंच राहिलं तर कुणीच मारलं नाही त्याला. तो आपणच पडला."

वहिनी त्याच्या अंगावर धावून जाईल असं ताईला वाटलं. ती अडवायला उठलीही होती. पण वहिनीने फक्त गॅसवरचं चहाचं भांडं खाली उतरवलं, कारण ते करपायला लागलं होतं.

"माझ्या हातचं जेवत होतात तुम्ही," ती भांड्याकडे बघत म्हणाली. "पाच आठवडे."

*

ताईने एकदोनदा आईकडे पाहिलं. म्हातारीचे ओठ हलत होते, पण ती देवाचं नाव घेत नव्हती, बहुतेक हिशेब लावत होती, कुठून काय सुरू झालं याचा.

"उद्या काय करता येतं?" तिने शेवटी विचारलं.

ताईने तिला समजावून सांगितलं. शब्दाची चूक दाखवून नवा जबाब देता येतो. शपथेवर. ताई त्याचं भाषांतर करून देईल, आणि तिच्या शिक्क्याला सरकारदरबारी किंमत आहे. "तेवढं केलं तरी दादावरचा डाग पुसतो. तब्येतीचा मुद्दा निघून जातो."

"आणि मग ते विचारतील, धडधाकट होता तर पडला कसा."

"विचारतील."

"आणि मग शोधतील."

ताईने मान हलवली. तिच्या मनात एक वाट होती आणि ती तिला स्वतःलाच आवडत नव्हती. नुसती शब्दाची चूक लिहायची. बाकीचं त्यांचं त्यांनी शोधावं. कदाचित शोधणारही नाहीत. चार महिने फाईल इकडून तिकडे फिरेल, आणि धाकट्याला तेवढ्यात कुठेतरी दुसरीकडे… तिने हे बोलून दाखवलं नाही, पण आईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की आईने ते वाचलं.

"नको," आई म्हणाली. "मी एकदा अर्धवट बोलले. त्याचं काय झालं बघ. कागद घे."

"आई, तू विचार—"

"कागद घे म्हणते ना."

ताईने कागद घेतला. आई स्टुलावरून उठून टेबलाशी आली आणि धाकट्याच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"लिही. माझा थोरला मुलगा ठणठणीत होता. त्याला कसलाही आजार नव्हता. मला साहेबांचा प्रश्न कळला नाही, कारण माझ्या भावाला तो आजार होता, आणि मी जन्मभर तो लपवला." ती थांबली. "लपवला हे लिही. चांगला शब्द शोधत बसू नकोस."

"लिहिलं."

"त्या दिवशी माझ्या मुलाला एकट्याला कामावर उतरवलं. दुसरा माणूस नव्हता. रजिस्टर खोटं आहे." आता ती धाकट्याकडे बघत होती. तोही बघत होता. "उतरवणारा माझा दुसरा मुलगा आहे. हे मला त्याने स्वतः सांगितलं, त्याच्या बहिणीसमोर आणि भावजयीसमोर."

"आणि माझ्यासमोर," दारातून छकुली म्हणाली.

कुणी तिला गप्प केलं नाही. ताईने तेही लिहिलं.

"आई," धाकटा म्हणाला, "मी आत जाईन."

"हो."

"तुला कोण बघणार?"

"बाबा रे," आई म्हणाली, "तुला मी पोटात ठेवलं, ताटात वाढलं. आता तुला पाठीशी घालायला मला जागा उरली नाही. ती पोर तिथे उभी आहे. मी कुठे घालू तुला?"

तिने सही केली. तिची सही म्हणजे तीन वाकडी अक्षरं. मग ताई कागद उचलणार एवढ्यात धाकट्याने तो स्वतःकडे ओढला, खाली इथल्या भाषेत चार ओळी लिहिल्या आणि मॅनेजरचं नाव लिहिलं. सही करून त्याने कागद ताईकडे परत सरकवला.

त्या संध्याकाळी कुणी त्याच्याशी बोललं नाही. पण वहिनीने पोळ्या केल्या तेव्हा त्याच्या वाटणीच्याही केल्या, त्याच्यासमोर ताट मात्र वाढलं नाही. ते टेबलाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. त्याने खाल्लं की नाही, हे तिने पाहिलं नाही.

*

सोमवारी ऑफिसात तोच साहेब होता. त्याने जबाब दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा चेहरा लाल झाला, आणि तो ताईला म्हणाला, "तुमच्या आईला सांगा, त्या दिवशी हातावर थोपटलं, ते मी तिला धीर देत होतो." ताईने सांगितलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, मला ठाऊक आहे."

मग त्याने धाकट्याला आतल्या खोलीत नेलं. दोन तास तिघी बाकावर बसून होत्या. भिंतीवर कसल्या कसल्या सूचना लावल्या होत्या. ताईने त्या सगळ्या वाचून काढल्या, कारण समोर अक्षर असलं की तिला वाचल्याशिवाय राहवत नसे. वहिनी मध्येच उठून कुठेतरी गेली आणि परत आली. साडेबाराला पोलीस आले. एक अगदी तरुण होता, त्याने आईसाठी दार धरून ठेवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती बाहेर जाणार नाहीये.

धाकटा आतून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बेड्या नव्हत्या. तो आईपाशी थांबला. आईने त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडली होती ती सरळ केली. पोलिसाने त्याच्या कोपराला हात लावला.

"आज सोडणार नाहीत," साहेब ताईला म्हणाला. "चौकशी कंपनीचीही होईल. वेळ लागेल." आणि मग, जरा थांबून, "तुमच्या थोरल्या भावाबद्दल लिहिलेलं आम्ही बदलू."

बाहेर ऊन कडक होतं. ताईची बस तीनला होती. ती म्हणाली, "आई, माझ्याकडे चल. क्वार्टर तर सोडावंच लागेल, आजच चल."

"सोडेपर्यंत इथेच राहते. त्याला भेटायला जवळ पडेल."

"आई, तुला वाट तरी माहीत आहे का?"

"दोन बस बदलाव्या लागतात," वहिनी म्हणाली. ती त्या दोघींच्या चार पावलं पुढे, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. "गुरुवारी भेटू देतात, दहा ते अकरा. मी दारावरच्या माणसाला विचारून ठेवलंय."

आईने तिच्या पाठीकडे पाहिलं.

"तू येशील?"

"नाही," वहिनी म्हणाली. समोरून बस येत होती, तिने हात केला. "गुरुवारी स्टॉपपर्यंत सोडेन."